दुपारी दोननंतर

तातोबा वडगावेचा अ‍ॅम्प्लिफायर
सकाळी माझ्या टेबलावर गुणी पोरासारखा बसतो.
मीटर लावला, सगळं जिथल्या तिथं.
तातोबा म्हणतो, ताई, इथं नाटक करतंय ते.
बावड्यात मांडवाखाली दोन वाजले
की पहिल्यांदा आवाज फाटतो,
मग जाळ आणि धूर संगटच.

लक्ष्मीपुरीतलं हे दुकान इलाहीचाचांचं.
चाचा गेले, पाटी तीच ठेवली,
आणि खिळ्याला टांगलेला त्यांचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर,
पत्र्याची टोपी, तीन पाय.
म्हणायचे, याच्यासंगं मी तरणा होतो.
आठ-दहा अंश चढले की याची गळती दुप्पट.
एप्रिलात शाहूपुरीतले रेडिओ
दुपारच्या बातम्यांना घोगरे व्हायचे
आणि गिऱ्हाईक बातम्या देणाऱ्याला शिव्या घालायचं.

मग सिलिकॉन आलं. ते सोसतं जास्त,
पण सोसतं म्हणजे लागत नाही असं नाही.
एका अंशाला दोन मिलिव्होल्ट,
एवढाच त्याचा उंबरा खाली सरकतो.
दोन मिलिव्होल्टनं मुंगीसुद्धा दचकायची नाही.
पण उंबरा खाली गेला की प्रवाह वाढतो,
प्रवाह वाढला की अंग तापतं,
अंग तापलं की उंबरा आणखी खाली.
आमच्या गल्लीत नळावरची भांडणं अशीच पेटतात.
पहिला शब्द कुणाचा,
पोलीस आले तरी सांगता येत नाही.

लग्नात आलेला हेअर ड्रायर काढला,
केसांना तो कधी लागलाच नाही.
अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर,
अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्यांवर झोत धरला.
पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न.
गाणं नाही, माईक नाही,
तरी जो प्रवाह गप्प बसायला हवा
तो मीटरवर जिना चढत निघाला.

ड्रायर बंद केला. मीटरच्या आधी बोट, चाचांची सवय.
तीन आकडे मोजेपर्यंत टेकवता आलं
तर साठच्या आत.
मोठ्या ट्रान्झिस्टरवर एकसुद्धा झाला नाही.
शेजारचा छोटा मात्र कोमट.

त्या छोट्याचं कामच एवढं,
तापणाऱ्याच्या अंगाला अंग लावून बसायचं,
त्याचा ताप आपल्याला चढू द्यायचा
आणि वरच्यावर सांगायचं, आता याला कमी द्या.
गोंद सुटला होता. नखाएवढी फट.
त्या फटीपलीकडे बसून तो
इमानेइतबारे
स्वतःचंच तापमान कळवत होता.

शेवटच्या महिन्यात चाचा म्हणायचे,
सकाळी काही नसतंय गं, बघ, हात लाव.
मी हात लावायचे. खरंच काही नसायचं.
मी सकाळीच जायचे,
नंतर दुकान असायचं.

जुना गोंद ब्लेडनं खरवडला,
पांढरी पेस्ट लावली, क्लिप आवळली.
पुन्हा झोत. पंचावन्न, साठ.
प्रवाह दोन पायऱ्या चढला, थबकला,
आणि आपल्या आपण खाली आला.

दीडशे रुपये, म्हटलं.
तातोबा म्हणाला, नुसत्या पेस्टचे?
मी म्हटलं, आत्ता देऊ नकोस.
उद्या दुपारी दोननंतर फोन कर.