घंटीवाला कार्यक्रम

दर तान्ह्या पोळ्याला पंचफुला गोटे चक्कीवर येते,
ज्वारीचा डबा टेकवते
आणि उडत्या पिठात उभी राहून विचारते,
"गुलाबभाऊ, तो घंटीवाला कार्यक्रम
पुन्हा कवा लागते?"

आता माझ्याकडे वायर नाही, डबी नाही.
चक्कीच्या टिनावर ती मोठी छत्री उताणी पडली आहे,
कबुतरं तिच्यात पाणी पितात.
पण पंचफुलासाठी मी अजून केबलवालाच,
दीडशे घरांत चित्र सोडणारा.

मग मी कारणं सांगतो.
इतक्या वर्षांत बरीच जमली आहेत.
म्हणतो, बाई, मालिकेतली सासू मेली
तर पुन्हा लावली की पुन्हा मरते,
आणि लोक पुन्हा रडतात.
घंटीचं तसं नाही. उत्तर एकदा फुटलं की फुटलं.
फुटाण्याचा परत हरभरा होतो का?

म्हणतो, पैसे लावणारा साबणवालाच बसला.
त्याची निळी वडी मागच्या भिंतीवर,
टेबलावर, विचारणाऱ्याच्या खिशावरसुद्धा.
मेलेल्या साबणाला फुकट कोण खांदा देईल?
म्हणतो, कॅसेटा महाग होत्या तेव्हा.
मोठमोठे लोकही पाटीसारख्या वापरायचे,
थुंकी लावायची, पुसायचं, पुढचं लिहायचं.

ती ऐकून घेते. भुवयांवर पीठ बसतं.
"हाव," म्हणते,
"पण माहं उत्तर बरोबर होतं."

होतं.
मे महिना, मुंबईचा थंडगार स्टुडिओ,
प्रश्न आला : वाशिम कोणत्या जिल्ह्यात?
आणि आमची अंगणवाडीची बाई
शहरातल्या दोघांच्या आधी घंटी दाबून
म्हणाली, अकोला!
टाळ्या. पाच लिटरचा कुकर.

कार्यक्रम लागला ऑगस्टात.
मधे एक जुलै होऊन गेली होती,
वाशिम स्वतःच जिल्हा झालं होतं,
स्टँडवरचे पेढे खाऊन आम्ही हात पुसले होते.
चक्कीपुढे शंभर माणसं, ड्रमवर टीव्ही,
आणि पडद्यावर पंचफुला
अख्ख्या महाराष्ट्राला ठासून सांगते, अकोला!
असा हशा, की बांधलेली गुरं उठून उभी राहिली.
पुढं दोन वर्षं पोरं तिला अकोला म्हणूनच हाक मारत.
नवऱ्यानं कुकर माळ्यावर फेकला.
आठ दिवसांनी तिनं तो उतरवला,
कारण तूर शिजायला वेळ लागतो.

म्हणून म्हणतो, बाई, पुन्हा लागला तर पुन्हा हसतील.
"हसू दे न. खाली तारीख लिवतील का पण?
मे महिना म्हणून?"

तारीख.
त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एक कारण मी तिला कधीच दिलं नाही.
त्या रात्री तो भाग मी कॅसेटवर धरला होता.
तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई आली,
बबन धामंदेच्या शूटिंगला कोरी कॅसेट मिळेना.
लावली तीच.
अडीचशे रुपये मिळाले, त्यातले शंभर अजून यायचे आहेत.

यंदा बबनच्या पोरानं ती परत आणली,
भाच्यानं अमरावतीहून जुनं मशीन शोधलं.
अक्षता पडतात, बँड वाजतो,
मग मी जेवायला गेलो असणार,
कारण चित्र थरथरतं, पांढऱ्या मुंग्या धावतात,
आणि चार सेकंद
घंटीवर एक हात.
हिरव्या बांगड्या. घंटी अजून वाजलेली नाही.
प्रश्न नाही, जिल्हा नाही, साबणाचा फक्त कोपरा.
लगेच पंगत. बुंदी वाढणारा.

तिला बोलावून दाखवलं. तीनदा मागं नेलं.
माझ्या पोटात गोळा,
आता विचारेल, बाकीची मी कुठं गेली?

ती पडद्याला नाक लावून उभी राहिली.
"बांगड्या रुखमाच्या व्हत्या," म्हणाली.
"उसन्या नेल्या होत्या. वापस द्याच्या राह्यल्याच."
मग डबा काखेत घेतला,
पदरानं कपाळ पुसलं.
"दळणाचे किती झाले?"