सहाच्या जागी

नेरूळला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
माझं क्लिनिक आहे. दोन पलंग, मध्ये पडदा,
भिंतीवर गुडघ्याचं रंगीत चित्र.
पेशंट पाय उचलतात, मी मोजते:
लाभ, दोन, तीन.

"एक कुठे गेला?" मीनाक्षी अय्यर विचारतात.
बँकेतून निवृत्त. हिशेब चुकलेला त्यांना चालत नाही.
मी म्हणते, लाभ म्हणजेच एक,
आमच्याकडे पहिली टोपली अशीच मोजायचे.
"म्हणजे व्याज आधी आणि मुद्दल नंतर," त्या म्हणतात,
आणि पाय उचलतात.

आजा म्हणजे जोमा घरत, राहणार करावे.
त्याला कुणी गाणारा म्हटलं नाही.
लग्नात धवलारीण गायची, एकादशीला भजनी मंडळ.
आजा फक्त मीठ मोजायचा.
पण मोजताना खांदा, टोपली आणि आवाज
एकाच दोरीला बांधल्यासारखे हलायचे:

लाभ गो लाभ, दर्यान दिला लाभ
दोन गो दोन, पान्याचा जाला लोन
तीन गो तीन, कंबरंला शीन
चार गो चार, बांदाचे पार
पाच गो पाच, मीठ नाय काच

आणि सहाला नुसतं
हंऽऽ
टोपली राशीवर उलटी, कपाळावरचा घाम बोटानं निपटलेला,
मग सात.

मी बांधावर बसायचे, मांडीवर भाकरीचं फडकं.
सुकटीच्या चटणीत मीठ कमी पडलं तर
बोट जमिनीला लावून चाटायचं, झालं.
मला वाटायचं, सहा हा आकडा मुकाच असतो.
शाळेत पाचानंतर थांबून मी मोठा श्वास घेतला
तेव्हा पेडणेकर बाई म्हणाल्या, सहा खाल्लास का गं?
अख्खा वर्ग हसला. मीही हसले,
कारण मला खरंच माहीत नव्हतं.

चौथीत होते तेव्हा आगरात डंपर आले.
लाल माती, फुटक्या विटा, कुठल्यातरी घराची
निळा रंग दिलेली अर्धी भिंत.
आजा उरलेल्या बांधावर बसून मोजत होता.
मी पळत जाऊन शेजारी बसले, गाण्याच्या आशेनं.
"एक," तो म्हणाला.
"दोन."
चाल नव्हती. खांदा हलत नव्हता.
पाच झाले आणि त्याने "सहा" म्हटलं,
सरळ, दुकानदारासारखं.
मी त्याच्या तोंडून सहा पहिल्यांदा ऐकला.
अंधार पडेपर्यंत त्रेचाळीस.

पुढे साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, त्यावर चार मजले,
बापसाने लिफ्ट बसवली, आरशाची.
आजा तिच्यात कधी चढला नाही.
जिन्यावर पुटपुटत यायचा.
ते गाणं होतं की नुसता दम, दाराआडून कळायचं नाही,
आणि दार उघडलं की तो गप्प.

त्याच्या तेराव्याला मी यसूआत्याला विचारलं,
सहाला शब्द का नव्हते?
आत्याने पदर तोंडाला लावला.
होते की, म्हणाली. डोक्यावर मीठ घेऊन
बाया त्याच्यासमोरून जायला लागल्या की म्हणायचा.
तू बसलेली असलीस की गिळायचा.
मग इतकी हसली, इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली,
आणि त्याच हसण्यात कधीतरी रडायला लागली.
काय शब्द, आत्या?
"नाय सांगत, जा."
गेल्या वर्षी तीही गेली.

अय्यरबाई पाचावर येतात.
काचेचं मी मनातच म्हणते.
त्यांचा गुडघा थरथरतो, पाय हवेत,
त्या माझ्याकडे पाहून पुढचा आकडा मागतात.
"श्वास सोडा," मी म्हणते.
खाली कुणीतरी मेडिकलचं शटर अर्धं ओढतं.
त्या मोठ्याने सोडतात, हंऽऽ,
स्वतःच दचकतात त्या आवाजाला.

मग सात.