पापुद्रा

(लिएज, १९७६. इओले सांगते)

मला भौतिकी येत नाही.
मला येतो तो पापुद्रा.

निर्वात भांड्यात कार्बनच्या दोन कांड्या
टोकाला टोक लावून पेटवायच्या,
साबणाचा हात फिरवलेल्या काचेवर
त्यांचा धूर बसू द्यायचा.
मग काच तिरकी धरून पाण्यात उतरवायची, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तशी.
काच बुडते, पापुद्रा वर राहतो.
दुधावरची साय त्याच्यापुढे गोधडी.

आता श्वास धरायचा.
पेराएवढी पोलादी चौकट
खालून आणायची, अलगद उचलायची.
दहांतले सहा फाटतात.
सोमवारी आठ.

वरच्या मजल्यावर गिस्लेन त्यातून निऑनचा झोत सोडतो.
म्हणतो, तुझ्या पापुद्र्यातून पार होताना
अणूच्या अंगावरचे चार-पाच इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात,
आणि पलीकडे तो निघतो तो भांबावलेला,
शुद्धीवर येता येता उजेड सांडत.
सूर्याच्या भोवती असलेच अणू आहेत म्हणे, सोललेले.
मी विचारलं, तिथं पापुद्रे कोण करतं?
तो हसला नाही.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

इतक्या बारीक वेळेचं घड्याळ नाही,
म्हणून हे लोक वेळ फूटपट्टीनं मोजतात.
झोताचा वेग ठाऊक असतो.
पापुद्र्यापासून एक मिलिमीटर पुढे
म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पाव.
पापुद्रा मागे सरकवायचा, उजेड मोजायचा.
आणखी मागे. पुन्हा मोजायचा.
उजेड किती अंतरावर अर्धा झाला,
यावरून ठरतं तो अणू किती वेळ तसा राहिला.

हे मात्र मला एका दमात कळलं.
बाबा आठशे मीटर खाली असायचे,
आणि पिंजऱ्यापासून किती लांब, एवढंच आई विचारायची.
आमच्या घरात अंतर आणि वेळ
कधी वेगळे नव्हतेच.

आब्रुझ्झोतून आले तेव्हा बाबा बावीसचे.
माणसं पाठवा, कोळसा न्या,
दोन सरकारांचं ठरलं होतं.
तेच मूलद्रव्य. त्यांनी टनांनी उपसलं.
माझे आठ वर्षांचे सगळे पापुद्रे, फाटलेले धरून,
त्यांच्या नखातल्या काजळीएवढेही भरायचे नाहीत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांना घेऊन गेले.
तीन जिने.
प्रत्येक वळणावर ते थांबत होते
भिंतीवरच्या सूचना वाचायला.
अग्निशामक. किरणोत्सार. सायकली इथे लावू नयेत.

वर अंधार केला होता.
छोट्या खिडकीतून त्यांनी डोळा लावला.
पापुद्र्याशी लख्ख निळी, पुढे हिरवट होत,
बोटभर अंतरात विझत जाणारी रेघ.
बराच वेळ बघत राहिले.
त्यांच्या छातीतली शिट्टी पंपाच्या आवाजात
ऐकू येत नव्हती, हे मला बरं वाटलं.

मग एकाएकी रेघ गेली.

"काय झालं?"
"फाटला. झोत खाऊन खाऊन फाटतोच, अर्ध्या तासात."
"मग?"
"चाकावर चोवीस असतात. पुढचा येतो."

"हां," बाबा म्हणाले,
"आमच्याकडेही हीच पद्धत होती."

गिस्लेननं बटण दाबलं. चाक एक घर फिरलं.
रेघ पुन्हा होती तिथं आली,
त्याच जागी, तेवढीच.
बाबांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. टोपी घातली.

उतरताना दुसऱ्या वळणावर ते थांबले,
भिंतीकडे तोंड करून, सूचना वाचत.
फ्रेंच त्यांना वाचता येत नाही.

मीही थांबले एक पायरी खाली,
श्वास धरून,
सवयीनं.