रुळावरची फेरी

सकाळी सहाला पार्क माझ्या एकट्याचं असतं.
हातात हातोडी, कमरेला पट्टा, कानामागे पेन्सिल,
आणि हेरनची चढण, चौऱ्याऐंशी फूट,
मी पायी चढतो.
वर गेलं की सगळं अ‍ॅश्टब्युला दिसतं,
पलीकडे ईरी सरोवर, राखाडी, पाटीसारखं.
वाऱ्याला अजून कालच्या पॉपकॉर्नचा वास.

बोल्टला ठोका. लाकडाला ठोका.
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.
खण म्हटलं की पुढे.
बद्द म्हटलं की पिवळ्या खडूची फुली.

यंदा गावात एकच विषय.
पार्किंगच्या मागे, गुडघाभर मक्यात
कुणीतरी नारिंगी खुंट्या ठोकल्यात.
बत्तीस. लोरेटाच्या नवऱ्याने मोजल्या.
न्हाव्याकडे ऐकलं, पोलादी कोस्टर येतोय, तीनशे फुटी.
पेट्रोल पंपावर ऐकलं, कोस्टर कसला, पाण्याचं पार्क,
वर काचेचं छप्पर, बारमाही.
चर्चच्या तळघरात, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला
फादर पावाला लोणी लावता लावता म्हणाले,
"वेझ, तुम्हाला तर माहीत असेलच."
वझे म्हणायला जमत नाही कुणाला. तेवीस वर्षं झाली.
मी म्हटलं, मला कोण सांगतं,
मी बोल्ट आवळणारा माणूस.

पण एक मला माहीत आहे.
यंदा लाकूड आलं नाही.
दर जानेवारीत पिवळ्या पाइनचा ट्रक येतो,
बर्फातून मागे मागे घेत, पीं पीं करत,
मी आणि अर्ल कोवाल्चिक हात हलवत उभे,
अर्ल गेल्यावर मी एकटा.
तो ट्रक आला नाही.
खुंट्या काय बोलतील,
ते हे न आलेलं लाकूड बोललं.

शनिवारी जुनी माणसं येतात.
हेरन म्हणजे बगळा, पण इथे सगळे तिला "ती" म्हणतात.
"ती जाणार म्हणे?"
खांबावर तळवा ठेवतात, नातवाला सांगतात,
हेच बघ ते लाकूड, माझ्या बापाने हात लावलेलं.
मी गप्प.
तो खांब मी बसवलाय, दोन हजार अकराच्या मार्चमध्ये,
दुसऱ्या टोकाला अर्ल शिव्या देत होता.
पहिल्या उताराच्या फळ्या मी बदलल्यात,
तळ्याकडचं वळण सबंध,
साखळी तीनदा.
एकोणतीस सालातलं म्हणाल
तर तिच्यात आता वळणंच तेवढी,
आणि चढणीवरचा तो कटकटाट,
ज्याने पोरं अजूनही अचानक एकमेकांचे हात धरतात.
हे कुणाला सांगायचं? आणि कशाला?

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या, काठी टेकत.
एकाहत्तर साली दुसऱ्या उतारावर
त्यांच्या कानातला डूल पडला होता. हिरव्या खड्याचा.
"तुम्हाला कधी सापडला का हो?"
इतक्या सहज, जणू काल पडला.
मी म्हटलं, बघतो.

आज तिसऱ्या उतारापाशी, बेचाळिसाव्या खांबाला
ठोका दिला.
बद्द.
अर्ल असता तर म्हणाला असता, वेझ, परत ठोक.
परत ठोकला, जरा वरच्या अंगाला.
बद्द.
कोठारात एक फळी नाही.
हा कागद वर गेला
की ज्यांना कारण हवंय त्यांना ते आयतं मिळणार,
माझ्या सहीनिशी.
खडू बोटांत फिरवत राहिलो.
खाली मक्यात वारा शिरला, खुंट्या दिसल्या, लपल्या.
साडेदहाला फाटक उघडेल,
पहिल्या डब्यात कुणाचं तरी सहा वर्षांचं पोर असेल,
उंचीच्या पट्टीला टाचा उचलून पास झालेलं.

फुली मारली.
नीट दिसेल अशी, दोन्ही बाजूंनी.

उतरताना सवयीने
दुसऱ्या उताराखालची खडी बुटाने चाळली.
डूल नाही. एक दहा सेंटचं नाणं निघालं.
पुसून लोरेटाच्या खिडकीत ठेवलं.