संत्रं, सव्वीस मीटरवर

नागपूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
काळ्या अक्षरांत समुद्राचा उल्लेख आहे.
गावात दुसरीकडे कुठे मला तरी सापडला नाही.
समुद्रसपाटीपासून उंची : तीनशे आठ मीटर, वर काही दशांश.
सात वर्षांची होते. अर्थ असा लावला
की फलाट खणत गेलं
तर तीनशे आठाव्या मीटरला पाणी लागेल, खारट.
बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर.
म्हणाले, लागेल की,
पण खणायला डीआरएम साहेबांची सही लागते.

पोहायला शिकले अंबाझरीच्या टँकवर.
पौनीकर सर काठावरून ओरडायचे,
श्वास सोड वं पोरी, काऊन साठवून राहिली,
बँक हाय का?
ते वाक्य मी सगळीकडे नेलं.
लाल समुद्रात, जिथे बुडताना
पहिल्यांदा लाल रंगच हरवतो.
नॉर्वेच्या काळ्या खाडीत, जिथे कॅमेऱ्याचं बटण
बोटांना सापडेना, आणि बोटं मला.
बांदा समुद्रात, नखाएवढ्या एका गोगलगायीसमोर
चाळीस मिनिटं डोकं खाली, पाय वर.
श्वास सोडला की देह वीतभर खाली,
घेतला की वीतभर वर.
एवढीच विद्या.
बाकी सगळं रबरी कड्याला ग्रीस लावणं.
एक केस अडकला तर पावणेदोन लाखांच्या डब्यात पाणी शिरतं.
तो केस दर वेळी माझाच असतो.

यंदा फेब्रुवारीत अंदमानला जाताना
पेटीत लेन्सशेजारी एक संत्रं ठेवलं, मृग बहाराचं.
सालीसकट संत्रं बुडत नाही,
हे संत्र्यांच्या गावात मला कोणी सांगितलं नव्हतं.
हातातून निसटून सारखं वर पळायचं.
शेवटी शिशाच्या वजनांच्या खिशात कोंबलं.
पाच मीटरवर ते संत्रं होतं.
बारावर मातकट.
अठरावर कच्च्या लिंबासारखं काहीतरी.
सव्वीसवर राखाडी, चूल विझल्यावर उरतं तसं.
एक फोटो तिथल्या उजेडात काढला.
एक फ्लॅश मारून :
डोळा लवायच्या आत
सगळा कळमना बाजार उघडून मिटला.

आता मे. सत्तेचाळीस.
वाळ्याच्या ताटीतून कूलर ओला वारा फेकतोय.
बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
लॅपटॉप नाकाला लावून बघतात.
हा सडेल हाय, पहिल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले,
कळमन्यात फुकट नेणार नाही कोणी.
हा बरा.
एकच आहे बाबा, म्हटलं. त्याच मिनिटातला.
मग खरा कोणता?
मी प्रकाशाबद्दल सांगायला लागले
आणि वीज गेली.

कूलर थांबला.
अंधारात बाबांचा श्वास ऐकू येत होता,
आत, मध्ये बरंच थांबून, बाहेर.
तीस वर्षं इंजिनांखाली वाकलेला माणूस
हवा इतकी जपून वापरतो, हे कधी ऐकलंच नव्हतं.

तिसरा एक होता, मी म्हटलं, पण तो काढला नाही.
वर येताना विसाव्या मीटरला खिशाचा बंद सुटला.
संत्रं निघालं सरळ वर.
माझ्यासारखं थांबायचं नव्हतं त्याला,
नायट्रोजनची भीती नव्हती.
राखाडी, मग लिंबू, मग माती,
मग माझ्या डोक्यावर खूप उंच
कोणी दिवा न दाखवता
ते नारिंगी होत गेलं.
कॅमेरा मनगटाला लोंबत होता.
मी पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं मोजत राहिले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
झोपले असं वाटलं.
मग म्हणाले,
म्हणजे सपाटीवर पोचला तो.
अजून तीनशे आठ राहिले.
आणि अंधारात चाचपडत
पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.