शर्टाची पिशवी

कुतैसीच्या बाजारात ओमारीला "पिशवी नको" म्हणणं
म्हणजे त्याच्या घरचं पाणी नाकारणं.
कोथिंबिरीला एक, तारखूनच्या जुडीला एक,
मग दोन्हींना मिळून तिसरी, गाठ मारलेली,
आणि वर स्वतःचा हात छातीशी:
माझ्याकडून, त्सिआलाबाई, फुकट.

फुकटच होती ना. तेच तर.

पूर ओसरताना रिओनी नदी
दोन्ही काठांच्या वाळुंजांना
ओमारीची मेहेरबानी नेसवून जाते.
निळ्या, काळ्या, पांढऱ्या चिंध्या
फडफडत राहतात, नवसाच्या असाव्यात तशा.
नवस मात्र कुणीच बोललेला नसतो.
तिसऱ्या मजल्यावरून मला त्या दिसतात.
चष्मा काढला की दिसत नाहीत.
वर्षभर मी चष्मा काढत होते.

ओतार गेला तेव्हा मागे सात शर्ट राहिले.
बाकीचे खपले; दिराला, चर्चच्या पायरीवरच्या माणसाला.
चौकडीचा एक कुणालाच होईना,
ओतारचं पोटच तसं.
त्याच्या बाह्या कापल्या, खालून शिवला,
गळ्यात नाडी ओवली.
खिसा तसाच ठेवला.
कारण काही नाही. उसवायचा कंटाळा.

पहिल्या दिवशी ओमारी रुसला.
दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, पेन्शन पुरत नाही का?
तिसऱ्या दिवशी मी चीजसाठी एनॅमलचा डबा नेला
आणि तराजूवरून आमची जुंपली,
डबा आधी तोलायचा की नंतर.
रांगेतून कुणी ओरडलं, आजी, आम्हालाही घरं आहेत!
एवढं करून ओलं सुलुगुनी गळलंच,
बसमध्ये, मांडीवरून थेट बुटात.
आंबूस वास घेऊन जिना चढताना मनात म्हटलं,
पृथ्वी वाचवणाऱ्या बाईचे मोजे बघा.

माझी आई पिशव्या धुवायची.
तेव्हा पिशवी मिळायला मॉस्कोहून नातलग यावा लागे.
साबण लावून, उलटी करून, दोरीवर चिमट्यांनी,
वरचं चित्र झिजेपर्यंत.
एकीवर घोडा होता. शेवटी नुसते खूर उरले.
मी शाळेत ती पाठीमागे धरायचे
आणि शपथ घ्यायचे, मोठी झाले की
वापरीन आणि फेकीन, वापरीन आणि फेकीन.
फेकलंही. तीस वर्षं, हात न दुखता.
नाइलाज आणि निवड
एकाच दोरीवर वाळत घालता येतात
हे कळायला अडुसष्टावं लागलं.
आई असती तर हसली असती,
किंवा म्हणाली असती, तुम्हाला भरल्या पोटी सुचतं.
दोन्ही खरं.

नात तेकला फोनवर म्हणते,
आजी, तुझ्या एका पिशवीनं नदी साफ होत नाही.
मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येते,
या महिन्यातली तिसरी.
माझ्या तोंडावर उत्तर होतं, चांगलं धारदार.
म्हटलं, जेवलीस का?

काल ओमारीनं आंबट आलुबुखार तोलले,
शर्टात ओतले.
हात सवयीनं गठ्ठ्याकडे गेला,
बोटाला थुंकी लावून त्यानं एक प्लास्टिक सुटंही केलं,
आणि अडकला.
देणाऱ्या माणसाचे हात रिकामे राहिले तर
त्यानं ते ठेवायचे कुठे?
मग त्याला खिसा दिसला.
मूठभर आलुबुखार, वजनाबाहेरचे,
माझ्याकडून, म्हणत त्यानं ओतारच्या खिशात कोंबले,
वरून थोपटलं,
जसं बाप्ये एकमेकांच्या छातीवर थोपटतात.

मला काही बोलता येईना.
बोलायची गरजही नव्हती, कारण
ते सुटं केलेलं प्लास्टिक, वाया कशाला घालवा म्हणून,
तो माझ्या मागच्या बाईला देत होता,
तिच्या एका लिंबासाठी.