कड्या पाहणारा

मिशनच्या दवाखान्याला टाळं लागून अठरा वर्षं झाली.
कुष्ठवॉर्डाच्या कौलांवर आता वानरं बसतात,
विहिरीवर पंचायतीनं जाळी टाकली.
पण रात्रीचे नऊ वाजले की माझे बाबा उठतात,
काच नसलेला कंदील उचलतात
आणि राखणीला निघतात.

फिलेमोन तिमथी वानखडे, रात्रपाळी, एकेचाळीस वर्षं.
सापनेकाठच्या या गावाला ते नाव जिभेवर पेललं नाही,
गावानं त्यांचं फुलमानदादा केलं.
आता दोन्ही नावं त्यांच्याजवळ नाहीत.
मला सिस्टर म्हणतात, नाहीतर नुसतं बाई.
जेवलो का, असं विचारतात, तोंडात घास असताना.

एवढंच शाबूत राहिलं:
तिन्ही दारांच्या कड्या चाचपायच्या,
उंबऱ्याशी वाकून चपला बघायच्या
(वॉर्डात माणसं चपलांवरूनच कळत,
टायरच्या, रुंद पट्ट्यांच्या;
झडलेल्या बोटांचा अंदाज घेऊन
रुबेन मोची शिवायचा, एकासारखा दुसरा जोड नाही)
आणि मग अंधाराला विचारायचं,
"सगळे आत हायेत ना वं?"

"आहेत बाबा."
दुधाचं पातेलं झाकता झाकता, मागे न बघता.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी
परतवाड्याच्या नाक्यावर ट्रक आला.
माझा योएल. एकोणीस पुरे व्हायचे होते.
पोलिसांनी त्याची चप्पल पिशवीत घालून दिली,
एकच.

बाबांना मी चार वेळा सांगितलं.
चारही वेळा ते पहिल्यांदाच रडले.
मग मी सांगणं सोडलं.

पाळकसाहेब येऊन गेले. भला माणूस.
प्रार्थना करताना त्यांचाच आवाज फुटला
आणि मीच त्यांना पाणी दिलं.
रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसून
मी पंख्याची पाती मोजायची.
तीनच असतात, तरी मोजायची.

आणि रोज रात्री नऊला, "आहेत बाबा."
सात महिने खोटं बोलले,
उपासनेहून नेमानं.

चैत्रात एका रात्री वीज गेली,
कूलर थांबला,
आणि त्या एकाएकी झालेल्या शांततेत
मी म्हणाले,
"नाहीत बाबा. एक बाहेर आहे."

कड्यांचा आवाज थांबला.
वाटलं, आता हे शोधायला निघतील,
नदीपर्यंत, अनवाणी, आणि मला मागे धावावं लागेल.
ते आले. खाटेच्या कडेला बसले.
कंदील दोन पायांच्या मध्ये ठेवला.

"तू काहून मोजतं वं बाई?
म्या तं कधीच नाही मोजले.
मोजनारा येगळा हाय.
त्याले चपला पाहा लागत नाहीत,
अनवाणी आला तरी वळखते तो.
आपलं काम कड्या पाह्याचं
अन् निजाचं."

आणि ते निजले. लगेच. तोंड उघडं टाकून,
पगार झालेल्या माणसासारखे.

मला उजेड दिसला नाही, कुणी हाक मारली नाही.
लिंबाचा मोहर गळत होता खाटेवर, डास होते.
पोळ्यापासून ताठ उभं राहिलेलं पाठीतलं काहीतरी
हळूच खाली बसलं, एवढंच.
मी योएलचं नाव घेतलं,
शाळेच्या पहिल्या दिवशी
पोराचा हात मास्तरांच्या हातात देताना घेतात तसं,
आणि सोडलं.
रडले असेन. कधी झोपले ते कळलं नाही.

सकाळी पाहिलं तर मागच्या दाराची कडी उघडी.
सकीनाबीची शेळी घरात,
देवळाच्या कॅलेंडरचा जूनपर्यंतचा फडशा पाडून
बाबांच्या खाटेखाली निवांत रवंथ करत बसलेली.
बाबा जागे होते. तिच्या पाठीवर त्यांचा हात होता.
सकाळचे सहा, विचारायची वेळ नव्हती,
तरी विचारलं,
"सगळे आत हायेत ना वं?"

मी खराटा टेकवून ठेवला.
"आहेत बाबा," मी म्हणाले.
"एक जास्तीचीच आहे."